सतराव्या रकान्यातलं ‘बोलतं’

मदत कक्षात त्यांना सगळे पक्कडकाका म्हणत. शहरातल्या एकवीस दवाखान्यांचे संगणक आणि प्रिंटर सांभाळणारा हा कक्ष म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची एक लांबट खोली होती. चार टेबलं, दोन खिडक्या आणि एकसारखे वाजणारे फोन. काका तिथे सव्वीस वर्षं होते. बिघाड एकदा हाती लागला की निघेपर्यंत सोडायचा नाही हा त्यांचा स्वभाव, म्हणून पक्कड. शर्टाच्या खिशात खरीखुरी पक्कडही असायची, पण गेल्या दहा वर्षांत ती बाहेर काढायची वेळ चार-दोनदाच आली होती. आता कुणाला दवाखान्यात जावं लागत नसे. आपल्या टेबलाशी बसूनच ‘रिमोट घ्यायचा’, म्हणजे तिकडच्या संगणकाचा ताबा इकडे घ्यायचा आणि जागेवरूनच काम उरकायचं.

दोन वर्षांपूर्वी खिडकीजवळच्या टेबलावर भिंगरी आली. वय तिशीच्या आतबाहेर, हातात पांढरी काठी, पाठीवर पिशवी. पाचव्या मिनिटाला कुठल्या टेबलावर कोण बसतं ते तिला पाठ झालं होतं. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. तिच्या संगणकात स्क्रीन रीडर होता, पडद्यावर असेल ते मोठ्यानं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम. पहिल्याच दिवशी तिच्या हेडफोनची पिन निसटली आणि तो आवाज सगळ्या खोलीनं ऐकला. शब्द कुठे सुरू होतो, कुठे संपतो, काही कळेना. नुसती भिरभिर.

“अगं, ही काय भिंगरी सोडलीस!” कोणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांच्या आधी तीच हसली.

“साडेतीन पट वेग आहे. याहून हळू लावलं की मला झोप येते.”

नाव चिकटलं ते चिकटलंच.

पहिले सहा महिने काकांनी तिचं तोंडभर कौतुक केलं. आल्यागेल्याला ते सांगत, “बघा, दिसत नाही, पण काय काम करते पोरगी!” कौतुक करताना माणूस एक पायरी वर उभा असतो. काकांना त्या पायरीवर बरं वाटत होतं.

ती पायरी सरकली नदीपलीकडच्या दवाखान्यात. तिथल्या नोंदणीच्या खिडकीतला मॉनिटर सकाळी नऊ वाजता एकाएकी काळा पडला. समोर पेशंटची रांग, रक्ताच्या नळ्यांना लावायची लेबलं अडकलेली. सिस्टरचा फोन काकांनीच घेतला होता.

“मॉनिटर गेला,” काका म्हणाले. “दुसरा घेऊन येतो. अकरापर्यंत धीर धरा.”

तेवढ्यात खिडकीजवळून आवाज आला, “काका, मॉनिटरच गेलाय ना? आत संगणक चालू आहे ना? मग मी घेते रिमोट. मॉनिटरचं मला काय काम?”

दवाखान्यांतल्या सगळ्या संगणकांवर तिनं आपला बोलका प्रोग्रॅम बसवून ठेवला होता, आणि तेव्हाचं रिमोटचं टूल तिकडचा आवाज इकडे, तिच्या कानात आणून देत असे. सिस्टरनी फोनवर नावं सांगितली, भिंगरीनं इथून ती भरली, तिकडे लेबलं सटासट बाहेर पडली. काका काखेत मॉनिटर घेऊन घामाघूम होऊन पोचले तेव्हा रांग संपली होती.

“ठेवा तिथे कोपऱ्यात,” सिस्टर म्हणाल्या. “ताईंनी सगळं केलं.”

मॉनिटर कोपऱ्यात ठेवून काका परत आले. त्या दिवसापासून ते मोजायला लागले.

“हॅलो, मदत कक्ष.”

“भिंगरीताई आहेत का?”

“त्या दुसऱ्या फोनवर आहेत. बोला ना, मी बघतो.”

“नको नको, तुम्ही कशाला त्रास घेता. मी थांबते.”

सोमवारी असे चार. मंगळवारी सहा. बुधवारी एक गृहस्थ म्हणाले, “काका, तुम्ही आहात होय? बरं, मग उद्या करतो.” हे वाक्य काकांनी आठवडाभर चघळलं. सव्वीस वर्षांत त्यांनी यांचे प्रिंटर उघडून शाईनं हात काळे केले होते, आणि आता ‘बरं, मग उद्या करतो’!

काकांना स्वतःचं मोजणं तेवढं दिसत होतं. घरी आणखी एक जण मोजत होतं.

“अकरा,” जेवताना काकू म्हणाल्या.

“काय अकरा?”

“तुमची ती भिंगरी. बसल्यापासून अकरा वेळा आली. तिनं हे केलं, तिला ते विचारलं. सवतीचं नावसुद्धा एवढं कोणी घेत नाही हो.”

“जळतेस होय?”

“मी? मी नुसती मोजते. जळणारा वेगळा आहे.”



पुढे मॅडमनी, म्हणजे कक्षाच्या प्रमुखांनी, त्यांना केबिनमध्ये बोलावलं. रिमोटचं जुनं टूल बंद होणार होतं. दोन नवी टूल्स आली होती. त्यातलं एक महिनाभर वापरून बघायचं आणि पटलं तर तीन वर्षांचा करार करायचा.

“तुम्ही सगळ्यांत जुने. दोन्ही तपासा आणि हा तक्ता भरून द्या. बावीस प्रश्न आहेत. सतरावा मात्र भिंगरीकडून तपासून घ्या.”

सतरावा प्रश्न होता, ‘स्क्रीन रीडरसह वापरता येते का?’

भिंगरी त्या वेळी भावाचं घर हलवायचं म्हणून तीन दिवस रजेवर होती. तक्ता आठवड्यानं द्यायचा होता. थांबायला वेळ होता, पण काका थांबले नाहीत.

दुसरं टूल त्यांनी आधी बघितलं. राखाडी, सुस्त, एका यादीच्या पोटात दुसरी यादी. आवाज आणून देत होतं, पण उघडायलाच त्याला पाऊण मिनिट लागायचं. पहिलं मात्र बघत राहावं असं होतं. निळे गोल, त्यांवर नाजूक चित्रं, आणि चार दवाखाने एकाच पडद्यावर शेजारी शेजारी. एक नजर टाकली की कुठे काय अडलंय ते कळायचं. काकांची नजर अजून शाबूत होती. यावर आपला हात कोणी धरणार नाही, हे त्यांना लगेच उमगलं, आणि ‘कोणी’ म्हणताना मनात कोण होतं तेही.

मग त्यांनी हेडफोन लावला, स्क्रीन रीडर सुरू केला, वेग सगळ्यांत कमी ठेवला आणि टॅबची कळ दाबत एकेका निळ्या गोलावर गेले.

“बटण,” आवाज म्हणाला.

“बटण.”

“बटण.”

नऊ वेळा. कुठल्याच बटणाला नाव नव्हतं. त्यांनी एका दवाखान्याचा रिमोट घेतला. तिथला पडदा समोर स्वच्छ उमटला. आवाज म्हणाला, “चित्र.” आणि गप्प बसला. काकांनी बाणांच्या कळा दाबल्या, थोडं थांबले, परत दाबल्या. कानात काहीच नाही. डोळ्यांसमोर सगळा दवाखाना उघडा आणि कानात विहिरीच्या तळासारखी शांतता.

त्यांनी हेडफोन काढून ठेवला.

कक्षात ‘बोलतं’ हा शब्द रोजचा होता. तार जोडली, हिरवा दिवा लागला की “बोलतोय प्रिंटर” म्हणायचं आणि पुढच्या कामाला लागायचं. पहिल्या टूलच्या तक्त्यात बाकीच्या एकवीस रकान्यांत काकांनी ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहिलं. सतराव्यात त्यांनी लिहिलं, ‘बोलतं’. खोटं नव्हतं ते. नऊ वेळा तर बोललं होतं. अक्षर मात्र नेहमीपेक्षा बारीक आलं.

“भिंगरीनं बघितलं?” मॅडमनी विचारलं.

“ती रजेवर होती. मीच बघितलं.”

मॅडमनी मान हलवली. सव्वीस वर्षांत काकांनी भरलेला कागद कोणी पुन्हा तपासला नव्हता.

सोमवारी निळ्या गोलांचं टूल सगळ्या टेबलांवर आलं.

“काका,” तासाभरानं भिंगरी म्हणाली, “नऊ भावंडं आणि सगळ्यांना हाक एकच, बाळ! कोणाला बोलवायचं हो?”

खोली हसली. काकाही हसले, जरा उशिरानं. भिंगरी कोणता बाळ काय करतो ते शोधत बसली. तिसरा जोडणी करतो, पाचवा कीबोर्ड देतो, नववा सगळं बंद करतो. अर्ध्या तासात नऊही तिच्या बोटांवर होते. ही आता इथेही जिंकते की काय, असं काकांना वाटलं. मग तिनं रिमोट घेतला आणि ती थांबली. मान जराशी कलती करून बराच वेळ ऐकत राहिली. काकांना माहीत होतं ती काय ऐकतेय.

तिनं हार मानली नाही. दवाखान्यातला तिचा बोलका प्रोग्रॅम तिकडे सुरू करून बघितला. हे टूल आवाज आणत नव्हतं, त्यामुळे तो तिकडेच बोलायला लागला.

“ताई, अहो तुमची भिंगरी इथे ओरडतेय!” सिस्टर फोनवर म्हणाल्या.

“ओरडू दे. रिसीव्हर स्पीकरला लावून धरा, सिस्टर. मी ऐकते.”

दोन दिवस तिनं असं काम केलं. तिकडे सिस्टरचा हात भरून आला, इकडे भिंगरी दाबलेला, घोगरा आवाज कान देऊन ऐकत राहिली. तिसऱ्या दिवशी एका पेशंटचं नाव आणि आजार रांगेतल्या सगळ्यांनी ऐकला. तक्रार आली. मॅडमनी हा प्रकार बंद केला.

मग सगळे रिमोट काकांकडे यायला लागले.

“भिंगरीताई आहेत का?”

“आहेत ना. पण रिमोट आता मीच घेतो.”

हे वाक्य ते गरजेपेक्षा गोड आवाजात म्हणत. आठवड्यात पन्नासेक कामं उरकली. चारही दवाखाने शेजारी शेजारी उघडून ते खुर्चीत मागे रेलून बसत, तेव्हा खिडकीजवळच्या टेबलावरून कळांचा आवाज येत नसे. पहिले दोन-तीन दिवस त्यांना ती शांतता फार गोड लागली.

पाचव्या दिवशी काकूंनी पाण्याचा पेला त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, “आज एकदाही नाही.”

“काय?”

“भिंगरी. सोमवारपासून एकदाही नाव नाही. भांडलात की काय?”

“भांडायला काय झालंय?”

“मग जेवा.”

काका जेवले. पण घास तोंडात फिरत राहिला.

दुसऱ्या आठवड्यात भिंगरी स्वतःचाच संगणक उलगडून बसलेली दिसायला लागली. सगळं पुसायचं, नव्यानं भरायचं, पुन्हा रिमोट घेऊन बघायचं. एकदा झालं, दोनदा झालं. ही काय करतेय ते काकांना पहिल्या दिवशीच कळलं होतं, पण त्यांनी विचारलं नाही. तिसऱ्यांदा पुसून झाल्यावर तीच काठी टेकत त्यांच्या टेबलाशी आली आणि खुर्ची चाचपून बसली. जेवणाची सुट्टी होती, खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

“काका, एक विचारू? तुम्ही तपासलंत तेव्हा स्क्रीन रीडरची कुठली सेटिंग ठेवली होतीत?”

“का गं?”

“मॅडमनी तक्ता वाचून दाखवला. सतराव्यात ‘बोलतं’ लिहिलंय. म्हणजे तुमच्याकडे बोललं. मग माझ्याकडेच काहीतरी चुकतंय. नऊ दिवस शोधतेय, सापडत नाही.”

काकांनी समोरची पेन्सिल उचलली, परत ठेवली.

“एक तारखेपासून मी नुसते फोन घेणार,” ती पुढे म्हणाली. “तक्रार लिहून घ्यायची आणि तुमच्याकडे द्यायची. मॅडम वाईट नाहीत, त्यांनी समजावूनच सांगितलं. हे टूल तीन वर्षं राहिलं तर दुसरं काय करणार? पण काका, मी दुरुस्ती करणारी आहे हो. फोन उचलायला नाही शिकले मी हे सगळं.”

“मॅडमना सांग ना, टूलमध्येच खोट आहे म्हणून.”

“कसं सांगू? त्याच विचारत होत्या, टूलमध्ये दोष असेल का. मीच म्हटलं, नाही. काकांनी तपासलंय म्हणजे तपासलंय.”

दोन वर्षं काका जे ऐकायला आसुसले होते, ते हेच होतं. सगळे तिचं नाव घेत, आणि तिनं मात्र यांच्या नावावर डोळे मिटून भरवसा ठेवला होता. नेमका इथे.

“‘बटण’ असं बोलतं,” काका म्हणाले.

“अं?”

“नऊ वेळा बटण. मग जोडलं की ‘चित्र’ म्हणतं आणि गप्प बसतं. तुझं काही चुकलेलं नाही. माझ्याकडेही तसंच झालं.”

“कधी?”

“तेव्हाच. तपासताना.”

खाली रस्त्यावर एक गाडी मागे घेताना पीं पीं वाजत होती, ती वाजायची थांबली.

“मग ‘बोलतं’ का लिहिलंत?”

काकांनी बरीच उत्तरं मनात जुळवली. शेवटी तोंडातून आलं ते तिसरीतल्या मुलासारखं आलं.

“सगळे तुलाच विचारतात. फोनवर. माझं नाव कोणी घेत नाही.”

भिंगरीचा चेहरा कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला.

“तीनदा पुसला मी संगणक,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण एकेक शब्द सुटा पडत होता. “तीनदा. मला वाटलं माझं डोकंच चालेनासं झालंय. काल घरी आईला म्हणाले, मला आता जमत नाही. असं आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले मी.” ती उठली, घडीची काठी उघडली. “मॅडमना हे तुम्ही सांगणार की मी, सर?”

‘सर’ हा शब्द तिनं त्यांना दोन वर्षांत कधी वापरला नव्हता. ओरडली असती तर काकांना सोपं गेलं असतं.

“मी सांगतो,” ते म्हणाले.

सांगायला केबिनपर्यंत सतरा-अठरा पावलं होती. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं.

“काका, सव्वीस वर्षं,” एवढंच म्हणाल्या.

निळ्या गोलांचा करार झाला नाही. राखाडी टूल आलं. पाऊण मिनिटानं उघडायचं, पण उघडलं की दवाखान्यातला आवाज इमानदारीनं आणून द्यायचं. पहिल्या दिवशी भिंगरीनं रिमोट घेतला, खोलीभर कळांची टकटक सुरू झाली, आणि पलीकडून सिस्टर इतक्या मोठ्यानं “आल्या बाई एकदाच्या!” म्हणाल्या, की काकांनाही हेडफोनबाहेर ऐकू आलं. तेव्हाही काकांना टोचलं. लाज वाटत होती ती होतीच, टोचायचं ते टोचलंच.

यापुढे कुठलंही टूल घ्यायचं तर तक्ता भिंगरी भरणार, असं मॅडमनी ठरवलं. सतराव्या प्रश्नाचे शब्द भिंगरीनं बदलून घेतले. आता तिथे असं होतं, ‘स्क्रीन रीडर काय बोलतो ते शब्दशः लिहा.’ आणखी एक मागणी तिचीच होती. रोज अर्धा तास काकांनी मॉनिटर बंद करून, नुसत्या कानावर काम करायचं.

“शिक्षा आहे का ही?” मॅडमनी विचारलं.

“नाही,” भिंगरी म्हणाली. मग जरा विचार करून म्हणाली, “थोडीशी.”

काकांनी मॉनिटरचं बटण दाबलं आणि पडदा काळा झाला. आवाज सगळ्यांत हळू लावूनही पहिल्या दिवशी त्यांना एक साधं लेबल छापायला एकोणीस मिनिटं लागली. आपण कुठल्या यादीत आहोत, यादीच्या पोटातल्या कुठल्या यादीत आहोत, काही पत्ता लागेना. बोटं माऊसकडे जात, भिंगरी शेजारून म्हणे, “माऊस नाही, सर.” तिला माऊसवर जाणारा हात कसा कळायचा कोण जाणे. बहुतेक बाहीचा आवाज. शेवटी लेबल छापलं, ते दुसऱ्याच दवाखान्यात निघालं. तिथून फोन आला, “हे कोणाचं रक्त पाठवताय?”

भिंगरी हसली नाही. काकांना वाटलं, हसली असती तर बरं झालं असतं.

दिवस जात राहिले. एकोणीसची बारा मिनिटं झाली, बाराची सात. आधी काका तिला येणारे फोन मोजत, आता तिच्या कानाला काय काय ऐकू येतं ते मोजत. ती फोनवर बोलता बोलता दुसऱ्या कानानं यादी ऐके. प्रिंटरची नुसती घरघर ऐकून कागद कुठे अडकलाय ते सांगे. आपले कान असे का नाहीत, म्हणून काका जाताना बसमध्ये डोळे मिटून बसत आणि बाहेरचं ओळखायचा प्रयत्न करत. एकदा दोन स्टॉप पुढे गेले.

पाचव्या आठवड्यात एका दुपारी ते असेच काळ्या पडद्यासमोर बसले होते. आवाज सावकाश, एकेक शब्द मांडत, पुढे चालला होता. हेडफोन त्यांनी मुद्दाम काढला होता, भिंगरीला चुका ऐकू याव्यात म्हणून. शेजारी बसून ती बोटांनी टेबलावर ताल धरत होती, मग तिला जांभई आली, मग दुसरी आली.

“वेग किती आहे?”

“दीड पट. कालच वाढवला,” काका जरा ऐटीत म्हणाले.

“दोन करा, काका. मरायची वेळ आली हो ऐकून ऐकून.”

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं असावं. तिनं ओठ घट्ट मिटले, पण ‘काका’ हा शब्द मागे घेतला नाही. काकांनी काही ऐकलंच नाही असं दाखवलं आणि वेग दोन केला. पुढचे तीन शब्द त्यांना कळले नाहीत. चौथा कळला.

घरी जेवताना ते म्हणाले, “दोन पट झाला आज. भिंगरीचा साडेतीन आहे. तिचे कान काय आहेत कोण जाणे. भिंगरी म्हणते सवय लागते, पण मला नाही वाटत, ते जन्माचंच असणार. मी भिंगरीला म्हटलं, मला अडीच तरी जमेल का? तर भिंगरी म्हणते, ‘तुमच्या वयाला दोन पुष्कळ.’ माझ्या वयाला! तुला सांगतो, वर्षभरात तीनवर नाही नेला, तर...”

काकूंनी डाव्या हाताची चार बोटं वर केली.

“अजून जेवण संपायचंय,” काकू म्हणाल्या, आणि पाचवं बोट तयार ठेवलं.